जिन्यापाशी बांधलेल्या शेळ्या

माझा भाऊ जिवंत असताना सरकारदरबारी मेला, तेव्हापासून माझी प्रार्थना बिघडली. आमच्या घरात रोज संध्याकाळी प्रार्थना होते. आई होती तेव्हा ती करायची, आता मी करते, त्या भावाच्या, शमूच्या खाटेपाशी बसून. त्या दिवसांत शब्द तेच म्हणत होते, पण मनातून प्रभूला विचारत होते, तुला दिसत नाही का? की तुझ्याकडेही आधी मशीनवर अंगठा द्यावा लागतो? देवाशी असं बोलणं बरं नाही हे मला कळत होतं. पण देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष लिहायची तर खरी लिहावी, म्हणून रागापासूनच सुरुवात करते. चर्चमधल्या काही वडीलधाऱ्यांनी सुचवलं होतं की रागाचा भाग गाळून लिहा, वाचणाऱ्याला बोध होईल. तो गाळला तर उरतं काय, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

शमुवेल माझा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हा तो रडला नाही आणि मेंदूला तेव्हा जी इजा झाली ती कायमची. आता चाळिशीला आला. हातपाय आखडलेले, मुठी घट्ट मिटलेल्या, मान स्थिर राहत नाही, बोलता येत नाही. मधूनमधून फिट येते. तिची गोळी चुकली तर त्याचे जे हाल होतात ते बघवत नाहीत. पण त्याला सगळं कळतं. उपासनेत कोण बेसूर गातं तेही कळतं आणि तो नेमका तिथेच हसतो. हसतो म्हणजे गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा हसतो. मी घरी शिवणकाम करते, तेही त्याला भरवणं, धुणं, पुसणं, कूस वळवणं यातून वेळ उरला तर. निराधार-अपंगांच्या योजनेतून त्याच्या नावावर दर महिन्याला मदत यायची. गावात तिला पगार म्हणतात. त्या पगारातून त्याच्या फिटच्या गोळ्या यायच्या. बायका मला म्हणायच्या, बरं आहे बाई तुमचं, घरबसल्या पगार. त्यांनी एक दिवस यावं आणि शमूची फक्त कूस वळवून दाखवावी.

एका महिन्यात पगार आला नाही. पुढच्या महिन्यातही नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणून मी आधी गप्प बसले. गोळ्यांसाठी शेजारी उधारी केली. मग शमूला शेजारणीवर सोपवून तालुक्याच्या कार्यालयात गेले. तालुक्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथले लोक म्हणतील, आमचंच का, सगळीकडे हेच चालतं, आणि ते खरंच बोलत असतील. आमच्याकडे कारकुनापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना भाऊसाहेबच म्हणतात. त्या योजनेच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि चहा मागवावा तितक्या सहज म्हणाले, "ताई, लाभार्थी मयत आहे."

मी म्हटलं, "आत्ता त्याला पेज भरवून आले मी."

"इथं तसं दिसत नाही," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाचे कागद हातात घेतले.

हे कसं झालं ते गावात कळलं. आमच्या ख्रिस्ती लोकांत जोडीची कबर बांधायची पद्धत आहे. नवरा-बायकोपैकी एक जण गेला की दगडावर दोघांची नावं कोरून ठेवतात, दुसऱ्याची जागा राखलेली असते. माझे वडील दूरच्या गावी वारले आणि तिकडेच पुरले गेले. म्हणून आईने हयात असतानाच आपल्या शेजारची जागा शमूसाठी मागून घेतली आणि दगड करवला तो दोघांच्या नावाचा. आपल्यामागे या लेकराला कोण विचारेल, निदान मातीत तरी ते माझ्या कुशीला येऊ दे, एवढीच तिची इच्छा होती. शमूच्या नावापुढे जन्मसाल आहे, एक आडवी रेघ आहे आणि रेघेपुढे कोरी जागा. पगार घेणारे जिवंत आहेत का हे तपासायला तलाठ्याच्या हाताखालचा कोतवाल फिरत होता, गावात नवीन. आमच्या घरापर्यंत तो आलाच नाही. पारावर कुणी तरी त्याला सांगितलं की शमूचं नाव तर कबरस्तानात आईसंगं दगडावर आहे. त्याने जाऊन दगड पाहिला आणि 'मयत' लिहून मोकळा झाला. रेघेपुढची कोरी जागा वाचायला त्याला वेळ नव्हता. देव तारी त्याला कोण मारी म्हणतात. कोतवाल मारतो, हे मी तेव्हा शिकले.

कोतवाल स्वतः घरी येऊन गेला. शमूच्या खाटेपुढे उभा राहून कान पकडले बिचाऱ्याने. "चुकलंच माजं, ताई. पर दगडावर नाव हाय म्हनल्यावर मी काय समजायचं? आता तर माज्या हातात काईच न्हाई बघा, सगळं वर गेलं." त्याच्यावर मी फार वेळ रागावू शकले नाही. चुकलो म्हणणारा या सगळ्या प्रकरणात तो एकटाच भेटला.

वर गेलं म्हणजे किती वर, ते पुढे समजलं. मयत हा शेरा काढायचा तर हयातीचा दाखला हवा. हयातीचा दाखला हवा तर लाभार्थ्याने मशीनवर अंगठा द्यायला हवा. शमूची मूठ उघडत नाही. मी कोमट पाण्यात हात धरून, तेल लावून, एकेक बोट सोडवून अंगठा काचेवर टेकवला, तर लहानपणापासून मुठीत दबलेल्या त्या अंगठ्यावर रेषाच उमटेनात. मग डोळे दाखवा म्हणाले. मान स्थिर नाही त्याचे डोळे कसे स्थिर राहणार? ते मशीन असलेल्या सेवा केंद्रावरची मुलगी चांगली होती, तिने पुन्हापुन्हा प्रयत्न केला. आणि शेवटी मशीनवर काय आलं, तर लाभार्थी मयत असल्याने नोंद घेता येत नाही. म्हणजे मेलेला आहे म्हणून अंगठा चालत नाही आणि अंगठा चालत नाही म्हणून मेलेला आहे. हे मी टेबलावर सांगितलं की भाऊसाहेब मान हलवायचे, अगदी सहानुभूतीने. आवाज चढवणाऱ्या माणसाशी भांडता येतं. हा माणूस मला नेहमी "शांतपणे घ्या ताई" म्हणायचा आणि मी शांतपणे घ्यायचे. हात जोडून उभी राहायचे. घरी आल्यावर शिलाई मशीनवर इतक्या जोरात पाय मारायचे की सुया मोडायच्या.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी घरी येऊन प्रार्थना केली. धीर धरावा, प्रभूची वेळ यावी लागते, सगळं त्याच्या चरणी सोडून द्यावं, असं ते म्हणाले. माणूस प्रेमळ आहे, मनापासून बोलत होता. पण शमूला त्या आठवड्यात गोळ्या पुरवून पुरवून दिल्याने दोनदा फिट आली होती, जीभ चावली गेली होती. मी आमेन म्हटलं आणि आत जाऊन रडले. सोडून द्यायचं म्हणजे नेमकं कुणावर सोडायचं? प्रभूवर की भाऊसाहेबांवर? मला त्या दिवसांत दोघांत फरकच वाटेनासा झाला होता. दोघंही वर बसलेले, दोघंही शांत, दोघांपुढे माझे हात जोडलेले.

शेवटी भाऊसाहेब म्हणाले की लाभार्थ्याला समक्ष आणा, मग बघू. जीपवाल्यांनी वाटेत फिट आली तर काय, म्हणून नकार दिला. गावातल्या एका टेम्पोवाल्याने मात्र हो म्हटलं. तो शुक्रवारी घोडेगावच्या बाजाराला जनावरं घेऊन जातो, तालुक्यावरून वाट काढतो म्हणाला. तेव्हा त्या शुक्रवारी सकाळी मी शमूला गादीवर घालून टेम्पोत चढवलं. कडेला दोन शेळ्या आणि शेळ्यांची मालकीण बसलेली. वयाने साठीची, हाडापेराने मजबूत, कपाळावर गोंदण. कर्जतकडची होती, आमच्या गावात लेकीकडे आली होती आणि शेळ्या विकून तशीच परत जाणार होती. टेम्पो हलला तशी मी डोळे मिटले. त्या सकाळची प्रार्थना मला जशीच्या तशी आठवते, कारण ती प्रार्थना नव्हतीच. मी म्हटलं, प्रभू, आज मी काही मागणार नाही, मागून मागून थकले. तू खरंच कुठे वर बसला असशील, तर एकदा खाली ये आणि याच्याकडे बघ. आमेनही म्हटलं नाही.

डोळे उघडले तर त्या मावशी शमूकडे पाहत होत्या. "दवाखान्यात व्हय?" त्यांनी विचारलं.

"नाही मावशी, कचेरीत. हा जिवंत आहे ते दाखवायला."

त्या म्हणाल्या, "आन् त्येंला दिसत न्हाई व्हय?"

त्यांनी शेळीचं दावं आखडून घेतलं, शमूच्या अंगाला शेळीचा पाय लागू नये म्हणून.

कार्यालयाच्या पायरीपाशी टेम्पोवाल्याने आणि तिथल्या चहावाल्याने गादीसकट शमूला उचलून व्हरांड्यात ठेवलं. अपंगांच्या योजनेचं टेबल पहिल्या मजल्यावर आहे. पुन्हा लिहिते, अपंगांच्या योजनेचं टेबल पहिल्या मजल्यावर आहे आणि वर जायला फक्त जिना आहे. ज्याने ही जागा ठरवली त्याच्या घरी कुणी आखडलेल्या पायांचं नसावं, आणि देव करो कधी नसो. मी एकटी वर गेले. भाऊसाहेबांना म्हटलं, आणलंय समक्ष. ते म्हणाले, वर आणा. मी म्हटलं, तो जिना चढू शकत नाही, तुम्ही दोन मिनिटं खाली या. टेबल सोडता येत नाही म्हणाले. मग निदान खिडकीतून खाली पाहा, तिथून दिसतोय. "असं पाहून चालत नसतं, ताई. उद्या कुणीही कुणालाही आणून झोपवील. शांतपणे घ्या." मी हात जोडले. आज ते आठवलं की माझे तळहात जळतात. मी त्या माणसापुढे हात जोडले, त्याने त्या हातांकडे पाहिलंही नाही, आणि मी जिना उतरून खाली आले.

टेम्पो निघून गेलेला होता. पण मावशी तिथेच होत्या, दोन्ही शेळ्यांसकट. शमूच्या उशाशी बसून पदराने त्याची लाळ पुसत होत्या.

"मावशी, तुमचा बाजार!"

"त्येला एकट्याला ठिवून जाऊ व्हय? त्वांडावर माशा बसत हुत्या त्येच्या." त्या चिडून म्हणाल्या, जणू मीच काही वाईट सुचवलं होतं. "शेरडं पुढच्या शुक्रवारी बी इकतील. काय म्हनले वरचे?"

मी सांगितलं. सांगताना पुन्हा माझे हात आपोआप जोडले गेले, सवयीने. त्यांनी ते पाहिलं आणि माझ्या मनगटावर चापट मारली. "देवाला जोड हात. ह्यांला कशाला जोडतीस?"

मग त्या उठल्या. त्यांनी दोन्ही शेळ्या जिन्याच्या कठड्याला बांधल्या, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला, आणि स्वतः पहिल्या पायरीवर फतकल मारून बसल्या. आता वर जाणाऱ्याला शेळी ओलांडावी लागे आणि खाली येणाऱ्याला मावशी. पाच मिनिटांत पायऱ्यांवर लेंड्या पडल्या. एका शेळीने भिंतीवरच्या सूचना फलकावरच्या कागदाचा खालचा कोपरा ओढून चघळायला घेतला. शिपाई धावत आला, "ओ मावशी, शेळ्या काढा, कार्यालय आहे हे!" मावशी म्हणाल्या, "आदी ह्यो मानूस जिता हाय म्हून लिवा, मंग शेरडं सोडते." शिपाई ओरडायला लागला, मावशी त्याच्या वरताण ओरडायला लागल्या, दोन्ही शेळ्या ताल धरून ओरडायला लागल्या. कामासाठी आलेले लोक भोवती जमले. आणि या सगळ्या गोंधळात शमू हसायला लागला. बेसूर आवाज त्याला कुठेही ओळखू येतात. तो असा हसला की वरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

मोठे साहेब स्वतः जिना उतरून आले. शेळीपाशी थबकले, मावशींच्या बाजूने कसेबसे पाय टाकत खाली आले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "कोण हसतंय हे?"

इतक्या महिन्यांत माझ्या तोंडून जे निघालं नव्हतं ते तेव्हा निघालं. मी हात जोडले नाहीत. आवाजही खाली घेतला नाही. "साहेब, तुमच्या कार्यालयातला मयत माणूस हसतोय," मी म्हटलं. "याला तुम्ही मारून टाकलंय. आता तुम्हीच त्याच्या तोंडावर सांगा की तो मेलाय. त्याला कळतं सगळं."

साहेब शमूकडे पाहत राहिले. शमूनेही, मान हलती असूनही, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा हसला. साहेबांनी वर पाहून भाऊसाहेबांना हाक मारली. ज्यांना टेबल सोडता येत नव्हतं, ते भाऊसाहेब दोन-दोन पायऱ्या उतरत आले आणि शेळीला अडखळले. तिथल्या तिथे पंचनामा झाला. लाभार्थीस समक्ष पाहिले, हयात आहे. अंगठ्याची गरज नाही म्हणे, अधिकाऱ्याने समक्ष पाहिलं तरी चालतं. म्हणजे सुरुवातीपासूनच चाललं असतं. जमलेल्या लोकांनी पंच म्हणून सह्या केल्या आणि मावशींनी शाईत अंगठा बुडवून ठसा दिला. भाऊसाहेब कागद गोळा करताना मला म्हणाले, "ताई, हे आधी नीट सांगायचं ना." त्या वाक्याला क्षमा करायला मला अजून जमलेलं नाही. रोज प्रयत्न करते, प्रभू साक्षी आहे.

पगार पुन्हा सुरू झाला, गोळ्या वेळेवर यायला लागल्या. मधल्या महिन्यांचं काय, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. त्या दिवशी बाजारावरून परतणाऱ्या त्याच टेम्पोने घरी आल्यावर मी शमूच्या खाटेपाशी गुडघे टेकले आणि खूप दिवसांनी आभार मानले, पण राग गेला नव्हता. मी प्रभूला सांगितलं की आभारी आहे आणि रागावलेलीही आहे, दोन्ही घे, माझ्याकडे दुसरं काही नाही. त्या प्रार्थनेनंतर मला जी शांत झोप लागली तशी आई गेल्यापासून लागली नव्हती.

मावशींचे मी नीट आभारही मानले नव्हते. पंचनाम्याच्या गडबडीत त्या मिळेल त्या गाडीने निघून गेल्या. चर्चमध्ये काही जण म्हणाले, ती बाई नव्हतीच, देवदूत होता. मलाही ते पटायला लागलं होतं. पुढच्या शुक्रवारी मी घोडेगावच्या बाजारात गेले, तर देवदूत एका व्यापाऱ्याशी कचाकचा भांडत होता. मावशींनी मला पाहिलं आणि हातानेच थांब म्हणून खुणावलं. मी आणलेली साडी पुढे केली, बोलायला लागले, तर म्हणाल्या, "मागनं बोलू गं, गिऱ्हाईक हाय." मी बाजूला उभी राहिले. सौदा काही जमला नाही. मग माझ्याकडे वळून त्यांनी एवढंच विचारलं, "जिता हाय न्हवं?"

"आहे," मी म्हटलं.

"मंग झालं तर," असं म्हणून त्या शेळीला पाणी पाजायला गेल्या. मी त्या शेणामुताच्या बाजारात उभी राहून रडले. इतक्या महिन्यांत इतक्या टेबलांवर मी गेले, पण हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. सगळ्यांनी विचारलं ते दाखला आहे का, अंगठा आहे का, कागद आहे का.

देवदूत होता की बाई होती, यावर मी वाद घालत नाही. मी खाली ये म्हटलं होतं आणि टेम्पोतून जी खाली उतरली ती एक परकी बाई होती, एवढं मला माहीत आहे. पाळकसाहेब म्हणतात तसं सगळं प्रभूच्या चरणी सोडावं, हे मला आता पटतं. फक्त ते चरण कुणाचे हे मी विसरले होते. जी मान त्याच्यापुढे झुकवायची ती मी टेबलापुढे झुकवत होते आणि त्यालाच श्रद्धा समजत होते. समर्पण माझं मी केलं आहे आणि आता ते दुसऱ्या कुणाला द्यायला शिल्लक नाही. हयातीचा दाखला दरवर्षी मागतात, पुढच्या वर्षीही मागतील, आणि टेबल अजून पहिल्या मजल्यावरच आहे. मी जाईन. हात जोडायचे ते घरीच, शमूच्या खाटेपाशी जोडून जाईन.